हरमल नावाची दोन झुडपं

कुवेतहून परत आल्यावर मला जो भेटेल तो एकच विचारायचा : तिथे बघण्यासारखं आहे तरी काय? उंच मनोरे आहेत, समुद्र आहे, सोन्याची दुकानं आहेत, हे त्यांना आधीच ठाऊक असे. मी म्हणायची, "मी एक झुडूप बघायला गेले होते." यावर लोक हसत आणि विषय बदलत. म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे.

मी सांगलीत फार्मसीच्या मुलांना वनस्पतिजन्य औषधं शिकवते. दरवर्षी सदाफुलीचा धडा आला की तिच्या कुळातल्या एका वाळवंटी भावंडाचा उल्लेख होतो. शास्त्रीय नाव ऱ्हाझिया स्ट्रिक्टा. अरबस्तानात त्याच्या पाल्याचे नाना उपयोग सांगतात. इतकी वर्षं मी ते फळ्यावर काढून दाखवत आले होते. कागदाला चिकटवलेली एक वाळकी फांदी सोडली तर त्याचं दर्शन कधी झालं नव्हतं. माझी धाकटी बहीण मीना कुवेतमध्ये नर्स आहे, आणि हे झुडूप तिच्या घरापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर उगवतं हे मला फार उशिरा समजलं. २००१ च्या फेब्रुवारीत शेवटी तिकीट काढलं.

जाब्रिया

विमानतळाबाहेर पडले आणि दात वाजायला लागले. वाळवंट म्हणजे ऊन, अशी समजूत करून घेऊन मी एक पातळ शाल तेवढी आणली होती. मीनाने स्वतःचा कोट काढून माझ्या अंगावर टाकला आणि "ताई, इथे थंडी असते हे तुला भूगोलात नव्हतं का?" म्हणून फिरकी घेतली.

मीना राहते त्या जाब्रिया भागात इस्पितळं आणि दवाखाने इतके, की मीनाच्या इमारतीत निम्म्या घरांतून सकाळी पांढरे कपडे बाहेर पडतात. तिचे यजमान श्रीकांतराव कुवेत सिटीत एका कंपनीत अकाउंटंट. माणूस मूळचा चिपळूणचा, बोलायला मोकळा, खायला शौकीन. त्या दिवशी त्यांनी स्वतः बाजारात जाऊन झुबेदी आणली होती. झुबेदी म्हणजे आपला पापलेट, पण तिथे त्याचा मान असा की कापण्याआधी पाहुण्यांना दाखवतात. त्यांनीही मला दाखवली.

मी मीनासाठी अनारशांचा डबा नेला होता. तिने झाकण उघडलं आणि तिचा चेहराच उतरला.

"ताई, खसखस!"

"मग? अनारशाला खसखस लागतेच."

"इथे तिला बंदी आहे. अफूच्या झाडाचं बी ना ते! विमानतळावर डबा उघडला असता तर तू मला पोलीस ठाण्यात भेटली असतीस."

आम्ही दोघींनी मोरीत बसून एकेक अनारसा खरवडला. आपल्या स्वयंपाकघरातला डबा दुसऱ्या देशात गुन्हा ठरतो, आणि वनस्पती मात्र तीच. वर्गात मी हेच शिकवते, पण त्या रात्रीचे खरवडलेले अनारसे खाताना ते जिभेला कळलं.

जेवताना माझ्या लक्षात आलं की श्रीकांतराव भात वाढून घेतात आणि तो ताटात नुसता इकडून तिकडे सरकवतात. मीना हळूच म्हणाली, "शुगर वाढलीय. डॉक्टर इन्सुलिन घ्या म्हणतायत, आणि हे नुसतं नाव काढलं तरी उठून जातात."

श्रीकांतराव खरंच उठून गेले. हात धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

सालमीच्या वाटेवर

कुवेती माणसाचा हिवाळा तंबूत जातो. शहरात वातानुकूलित घर, दारात दोन गाड्या, आणि तरी थंडी पडली की बिऱ्हाड उचलून वाळवंटात. आपल्याकडे लोक पैसा आला की गावाकडचं घर बंद करतात. इथे पैसा आला तसा तंबू मोठा होत गेला.

श्रीकांतरावांच्या कचेरीतले मुबारक हे त्यांचे जुने स्नेही. शुक्रवारच्या सुट्टीला त्यांनी आम्हा तिघांना आपल्या तंबूवर बोलावलं. जाहरा गाव मागे पडलं आणि सालमीच्या रस्त्याने गाडी पश्चिमेला निघाली. दोन्ही बाजूंना सपाट, करडी, खडे पसरलेली जमीन. पाऊस होऊन गेला होता, म्हणून मधूनमधून गवताची इतकी पुसट हिरवळ, की सरळ पाहिलं तर दिसत नाही, तिरपं पाहिलं तर दिसते. मुबारक आपल्या गाडीतून पुढे राहून वाट दाखवत होते. एका ठिकाणी थांबून त्यांनी बजावलं, "चाकांच्या खुणा सोडून चालू नका. युद्धातले सुरुंग अजून सापडतात." आपल्या रानात पाय टाकताना आपण सापाचा विचार करतो. इथली माणसं दहा वर्षांपूर्वीच्या युद्धाचा करतात.

तंबूत मुबारकच्या आई होत्या. त्यांना सगळे उम्म मुबारक म्हणत, म्हणजे मुबारकची आई. बाईचं स्वतःचं नाव घ्यायचं नाही, थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारायची, ही तिथली रीत. आमच्या आजोळी बायकांना गावाच्या नावाने ओळखत, त्याची आठवण झाली. बाई सत्तरीच्या, हातावर निळं गोंदण, नजर धारदार. त्यांचं वाळवंटी वळणाचं अरबी मीनाला निम्मं समजे, उरलेलं मुबारक हिंदी-इंग्रजीची भेळ करून सांगत. गहवा आला, म्हणजे अरबी कॉफी, वेलदोड्याचा आणि केशराचा, इवल्याशा बिनदांडीच्या कपातून. कप हलवून परत दिला नाही तर ओतणारा ओततच राहतो हे मला माहीत नव्हतं. मी भिडेखातर पीत राहिले, शेवटी मीनाने माझं मनगट धरून हलवलं.

मी कशासाठी आले आहे ते कळल्यावर उम्म मुबारक काठी घेऊन उठल्याच. तंबूमागे एका खोलगट जागेत ते उभं होतं. मांडीपर्यंत उंच, ताठ फांद्या, कण्हेरीसारखी अरुंद चकचकीत पानं, आणि टोकांना निळसर झाक असलेली पांढरी फुलं. पाच पाकळ्या, मध्ये नळी. सदाफुलीचीच ठेवण. मी गुडघे टेकून बसले. पंचवीस वर्षं ज्याचं चित्र काढलं, त्याच्या पानावर धूळ असते हे मला पहिल्यांदा दिसलं.

"हरमल," उम्म मुबारक म्हणाल्या.

मी दचकले. आपल्याकडे हरमळ म्हणजे निराळीच वनस्पती, शास्त्रीय नाव पेगानम. तिचं तपकिरी बी आपण धुरी द्यायला, दृष्ट काढायला जाळतो. पुस्तकात वाचलं होतं की आखातात याही झुडपाला हरमल म्हणतात, पण वाचणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.

आसपासचं सगळं उंटांनी ओरबाडलेलं होतं, याला मात्र कुणी तोंड लावलेलं नव्हतं. मी पानाचा कोपरा चावला. कडू! कारलं याच्यापुढे गोड म्हणावं लागेल. बाई खुदकन हसल्या आणि सांगू लागल्या. सांधे दुखले की पाल्याची धुरी. घसा बसला की पाल्याच्या पाण्याने गुळण्या. ताप, पोट, अंगावरची खाज. आणि साखरेचा आजार. "मी स्वतः रोज पिते," त्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "माझी साखर याने उतरली."

मी मुबारकना म्हटलं, "आमच्याकडेही लोक साखरेसाठी सदाफुलीची पानं चावतात. ती याचीच बहीण. तिच्यातून मधुमेहाचं औषध शोधायला गेले आणि रक्ताच्या कर्करोगाचं सापडलं. या कुळातली झाडं फार जोरकस असतात. औषध असेल, विषही असेल. किती पानांत औषध संपतं आणि विष सुरू होतं, ते मला नाही सांगता येणार."

मुबारकनी आईला ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझी आई चिमूटभर द्यायची. मीही चिमूटभर घेते."

श्रीकांतराव मागे उभे होते. ते पुढे आले, झुडपाकडे बघत राहिले, आणि विचित्र आवाजात म्हणाले, "याला हरमल म्हणतात? या झाडाला?"

मला वाटलं, शहरी माणसाचं कुतूहल असेल.

जेवणाला मोठ्या थाळीत मचबूस आला, मसाल्याचा भात आणि वर मांस. त्यात बटाट्यासारखे दिसणारे फगा होते. पावसानंतर वाळूखाली येणारी ही अळंबी वाळवंटातली मेजवानी समजतात. सगळे एका थाळीभोवती बसले. श्रीकांतरावांनी घास उचलला तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. घास परत थाळीत पडला.

"काय होतंय?" मीनाने विचारलं.

"जमीन हलतेय," ते म्हणाले. "मुबारकच्या डोक्याभोवती रंग दिसतोय."

ते तंबूबाहेर गेले आणि भडभडून ओकले. उभं राहवेना, पाय दारू प्यायल्यासारखे पडू लागले. मीनाला आधी साखरेचाच संशय आला. पर्समधून यंत्र काढून बोटाला टोचलं. साखर पडलेली नव्हती, उलट चढीच होती. तिने मनगट धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. नाडी फार संथ चालली होती.

"अहो, सकाळपासून काय घेतलंत? खरं सांगा."

पोटात कळ आली तसे ते दुमडले. मुबारकनी त्यांना उचलून आपल्या गाडीत घातलं. उम्म मुबारक वाळूत उभ्या राहून मोठमोठ्याने दुआ म्हणत होत्या.

इस्पितळात

वाटेत कधीतरी, डोकं मीनाच्या मांडीवर असताना, ते म्हणाले, "हरमल घेतो मी. महिनाभर झाला. मुबारकने सांगितलं होतं."

मुबारकनी गाडी चालवता चालवता कपाळावर हात मारला. "मी म्हणालो होतो आई पिते म्हणून. पण माझी आई तर ठणठणीत आहे!"

इस्पितळातले डॉक्टर सीरियाचे होते, तरुण, शांत. हरमल हा शब्द त्यांना ओळखीचा होता. मान हलवून त्यांनी सलाईन लावायला सांगितलं. पोटातल्या कळांनी श्रीकांतराव कळवळत होते, म्हणून दुखणं थांबवायला पेथिडीनचं इंजेक्शन भरायलाही सांगितलं.

मला काहीतरी जुळत नव्हतं. दुपारीच मी ते पान चावलं होतं. इतकं कडू पाणी महिनाभर बायकोपासून लपवून प्यायचं? आणि झुडूप पाहून ते चकित का झाले? रोज पिणाऱ्याला पान ओळखू यायला नको? मी वाकून विचारलं, "श्रीकांतराव, पाला होता की बी?"

"बी," ते पुटपुटले. "दुकानातून आणलं. उकळून घेतो. आज... जरा जास्त घेतलं. जेवण होतं ना."

"रंग?"

"काळपट. कोनाकोनांचं. मोहरीपेक्षा मोठं."

तंबूमागचं झुडूप नव्हतंच ते. ती आपली धुरीची हरमळ. नाव एक, झाडं दोन, कुळंही वेगळी. तिच्या बियांत हार्मिन आणि हार्मलीन असतं. हातपाय थरथरणं, झोक जाणं, ओकाऱ्या, मंद नाडी, नसलेले रंग दिसणं, सगळं त्यातलंच. आणि आणखी एक गोष्ट. ही द्रव्यं शरीरातलं एक एन्झाइम अडवून धरतात. ते अडलेलं असताना पेथिडीन दिलं तर माणूस दगावू शकतो.

नर्स सुई घेऊन आली होती. मी तिच्या आणि पलंगाच्या मध्ये उभी राहिले. माझं इंग्रजी एरवी बरं आहे, त्या वेळी शब्द सापडेनात. "डॉक्टर, लीफ नाही. सीड. पेगानम. प्लीज, पेथिडीन नको."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोण, काय शिकवते, हे मीना भराभर अरबीत सांगू लागली. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं आणि नर्सच्या हातातली सुई घेऊन ट्रेमध्ये ठेवली. मग फोन उचलून कुणा वरिष्ठाशी बोलले. परत आले तेव्हा म्हणाले, "बरं झालं बोललात. आपण वाट पाहू. सलाईन, नाडीवर लक्ष, बाकी शरीराला करू दे."

आम्ही वाट पाहिली. नाडीचं यंत्र टिक टिक करत होतं. संध्याकाळी थरथर कमी झाली. सकाळी श्रीकांतरावांनी डोळे उघडले, भिंतीकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाले, "भिंत पांढरीच आहे ना?" मीना रडायला लागली आणि रडता रडता त्यांच्यावर चिडली. तिचं चिडणं ऐकून मला धीर आला.

नंतर ती चहा आणायला गेली तेव्हा ते माझ्याशी बोलले. "माझ्या वडलांना सुई सुरू केली, ताई. वर्षात पाय कापावा लागला. दुसऱ्या वर्षी ते गेले. मला सुई म्हटलं की तो पाय दिसतो."

"पाय साखरेने गेला, श्रीकांतराव. सुई उशिरा आली एवढंच."

"डोक्याला कळतं हो," ते म्हणाले आणि तोंड फिरवून पडून राहिले.

सूक

दोन दिवसांनी मी मुबारकबरोबर कुवेत सिटीतल्या जुन्या बाजारात, सूकमध्ये गेले. मला ते दुकान बघायचं होतं. पोत्यांत वाळलेली लिंबं, गुलाबाच्या कळ्या, हिंग, ऊद, सोनामुखी. दुकान चालवणारे दाऊदभाई श्रीवर्धनकडचे. मराठी ऐकून त्यांनी स्टूल पुसून पुढे केलं.

"हरमल आहे?" मी विचारलं.

त्यांनी लगेच बी काढलं. कोनाकोनांचं, काळपट.

"चिपळूणचे एक साहेब नेतात ना हे?"

"नेतात की! अकाउंटंट. मला वाटलं, घरात कुणाला दृष्ट लागतेय सारखी." ते हसले. मी घडलेलं सांगितलं तसं त्यांचं हसू मावळत गेलं. ते खाली बसले. "पोटात घेत होते? ताई, त्यांनी हरमल मागितली, मी हरमल दिली. शपथेवर सांगतो."

"तुमची चूक नाही, दाऊदभाई. नावच दोघांचं एक आहे."

"माझ्याकडे पाल्याची पण असते. वाळवंटातले बदू लोक आणून देतात." त्यांनी आतून एक पिशवी आणली. चुरा झालेली अरुंद पानं. दोन्ही पिशव्या त्यांच्या मांडीवर शेजारी शेजारी होत्या आणि ते आळीपाळीने एकेकीकडे बघत होते. मग एकाएकी उठले, बियांची पिशवी ऊद-लोबानाच्या फळीवर नेऊन ठेवली, आणि दुकानातल्या पोऱ्याला हिंदीत बजावलं, "आजसे जो भी हरमल माँगे, पहले पूछना. जलाना है, कि पीना है? पीना बोले तो मुझे बुलाना."

निघताना त्यांनी श्रीकांतरावांसाठी खजूर बांधून दिले. मग ते साखरेचे पेशंट आहेत हे आठवून परत घेतले आणि बदाम दिले.

पुन्हा जाब्रिया

माझ्या परतीच्या आदल्या दिवशी उम्म मुबारक आल्या. लेकाला घेऊन, अंगात काळा पायघोळ अबाया, हातात ताकाची बरणी. सोफ्यावर न बसता त्या सतरंजीवर बसल्या, म्हणून आम्हीही सगळे खाली बसलो. श्रीकांतराव भिंतीला टेकून होते, अजून अशक्त.

बाई भांडायच्या तयारीने आल्या होत्या. "माझ्या झाडाला का नावं ठेवता?" त्या म्हणाल्या. "याने दुसरंच काही प्यायलं. माझं प्यायला असता तर बरा झाला असता. मी आहे ना बरी?"

मुबारक भाषांतर करताना ओशाळत होते. मी म्हटलं, "तुमच्या झाडाला मी नावं ठेवत नाही. पण ते तुमची साखर उतरवतं की नाही, हे मला माहीत नाही."

मीनाने मध्येच विचारलं, नर्स विचारते तसं, सहज आवाजात. "आजी, याच्याशिवाय दुसरं औषध काही घेता?"

"नाही."

"एकही नाही?"

"नाही म्हटलं ना!"

"दवाखान्यातल्या गोळ्या?"

"त्या होय?" बाईंनी अबायाच्या आतून कापडी पिशवी काढली, तिच्यातून गोळ्यांच्या पट्ट्या सतरंजीवर टाकल्या. "या घेते. सकाळी आणि रात्री. मुबारक ओरडतो म्हणून. याला कोण औषध म्हणतं? या तर सगळेच खातात."

मुबारक आईकडे बघतच राहिले; गोळ्या त्यांना ठाऊक होत्या, पण साखर हरमलने उतरली असंच तेही धरून चालले होते. मीनाने पट्टी उचलून नाव वाचलं आणि ती श्रीकांतरावांच्या हातात दिली. साखरेचीच गोळी होती. श्रीकांतरावांनी स्वतः विचारलं, मोडक्या अरबीत, "कधीपासून?"

"हरमलबरोबरच सुरू केल्या," बाई म्हणाल्या.

श्रीकांतरावांना हसू फुटलं. पोट धरून हसले, खोकला येईपर्यंत. उम्म मुबारकना आधी राग आला, मग त्याही हसल्या, कशाला ते न कळता. हसणं ओसरलं तसे ते पट्टी बोटांत फिरवत राहिले. मी बाईंना म्हटलं, "गोळ्या चालू असताना पाला घेता हे तुमच्या डॉक्टरांना सांगा. दोघं मिळून काय करतील, कुणी पाहिलेलं नाही." त्यांनी हो म्हटलं नाही. पण निघताना त्यांनी पट्ट्या पिशवीत भरल्या आणि पिशवी मीनापुढे धरून विचारलं, "तू येशील माझ्याबरोबर? त्या डॉक्टरला माझी भाषा येते, पण माझं बोलणं कळत नाही." मीनाने होकार दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बॅग दारात उभी होती. श्रीकांतराव आंघोळ करून स्वयंपाकघरात आले. फ्रीजमध्ये इन्सुलिनची कुपी कधीपासून पडून होती, ती त्यांनी स्वतः काढून टेबलावर ठेवली.

"मीना, मला दाखव कसं घ्यायचं ते."

"मी देते ना."

"नको. तू ड्युटीवर असशील तेव्हा कोण देणार?"

तिने दाखवलं. कुपी हातात फिरवून कशी मिसळायची, हवा कशी काढायची, पोटाची चिमूट कशी धरायची. तिचा आवाज वॉर्डातल्यासारखा स्थिर होता. मग तिने सिरिंज त्यांच्या हातात दिली आणि एक पाऊल मागे सरली. श्रीकांतरावांनी खाली पाहिलं, दीर्घ श्वास घेतला आणि सुई टोचली.

इतक्या वर्षांत हजारो माणसांना सुया टोचलेल्या माझ्या बहिणीने डोळे घट्ट मिटून घेतले होते.